बिरजाची पन्हळ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा कोसरी नदीवर पूल नव्हता, आमच्या झारीटोल्याला रस्ता नव्हता, आणि आमच्या माणसांची तोंडं त्यांची स्वतःची नव्हती. हे शेवटचं नीट ध्यानात ठेवा, कारण सगळी गोष्ट त्यावरूनच घडली.

आम्ही सोनझारी. नदीची वाळू धुवायची, हलकं असेल ते वाहू द्यायचं, जड असेल ते राखायचं, आणि तळाच्या काळ्या वाळूत जो पिवळा कण चमकतो तो टिपून घ्यायचा, हा आमचा पिढीजात धंदा. कोसरी डोंगरातून उतरताना सोनं घेऊन येते. फार नाही आणत. दिवसभर गुडघाभर पाण्यात वाकून राहिलं तर नखावर मावेल एवढं. पण आणते. ते सोनं आमच्या बायकांच्या अंगावर मात्र कधी दिसलं नाही, कारण नदीचा काठ मालगुजाराचा होता.

मालगुजाराचं नाव डोमाजी. तो सारखा हसायचा, आणि ते काही मायेनं नाही. त्याने समोरच्या दातांत सोन्याच्या मेखा बसवून घेतल्या होत्या आणि त्या लोकांना दिसाव्यात म्हणून तो हसायचा. त्याने नदीवर घाट नेमून दिले होते. त्या घाटांवर अख्ख्या झाडाचं खोड कोरून केलेल्या दोणी खुंट्या ठोकून बसवल्या होत्या, गडीमाणसांनाही हलणार नाहीत अशा जड. वाळू धुवायची ती तिथेच, त्याच दोणीत, त्याच्या पहारेकऱ्यांच्या डोळ्यांसमोर. संध्याकाळी सोनं त्याच्या डबीत जायचं आणि आमच्या पदरात कोदोचं भरड धान्य पडायचं. एवढ्यावर भागलं असतं तरी मी आज आवाज चढवला नसता. पण त्यानंतर झडती व्हायची.

टोल्याच्या, म्हणजे आमच्या वस्तीच्या, वाटेवर एक मोहाचं झाड होतं. संध्याकाळी त्याच्याखाली सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं. पहारेकरी म्हणायचा, "तोंड उघड," की उघडायचं. तो गालात बोट फिरवणार, जिभेखाली बघणार. बायकांचे केस पाण्याच्या परातीवर विंचरणार, एखादा कण पडतो का म्हणून. नखं काडीनं कोरणार. म्हातारीकोतारी, गरोदर बायका, कडेवरची लेकरं, कुणाला म्हणून सूट नव्हती. नदीवर न जाता रानातून मोळी घेऊन येणाऱ्यालाही त्याच झाडाखालून यावं लागे. असं म्हणतात की त्या काळी झारीटोल्यातल्या पोरांना कुणी अनोळखी माणूस दिसला की ती हात जोडायच्या आधी आ करायची. त्यांच्या आयाच तसं शिकवायच्या. लवकर उघडलं की लवकर सुटका.

मला याचा राग येतो. डोमाजीचा येतोच, पण आपल्या माणसांचाही येतो. एवढी माणसं होती, हाताला घट्टे होते, अंगात जोर होता, आणि रोज संध्याकाळी सगळी आ करून उभी. कुणी विचारलं तर म्हणायची, पहिल्यापासून असंच आहे. पहिल्यापासून काहीच नसतं. कुणीतरी एक दिवस पहिल्यांदा तोंड उघडायला सांगितलेलं असतं, आणि कुणीतरी पहिल्यांदा उघडलेलं असतं.

आता आणखी एक ऐका. आपल्याकडे माणूस जायला निघाला की त्याच्या तोंडात सोन्याचा कण ठेवतात. गरिबातला गरीबही शेजारणीच्या नाकातल्या फुलीचा टवका मागून आणतो. झारीटोल्यात मागायला शेजारणीकडे फुलीच नव्हती. जन्मभर सोनं धुणाऱ्या माणसांच्या तोंडात शेवटी आम्ही काय ठेवत होतो, सांगू? हळकुंडाचा तुकडा. पिवळा दिसतो म्हणून. डोमाजीला हे कळलं तेव्हा तो पाहुण्यांसमोर सांगून सांगून हसला, असं म्हणतात.

या टोल्यात बिरजा नावाची सून होती. हल्ली शाळेच्या कार्यक्रमात एखाद्या गोऱ्यागोमट्या पोरीला बिरजा करतात, तिला मंद मंद हसायला लावतात आणि तिच्या हातात दिवा देतात. तेलाचा दिवा. बिरजाच्या हातात. ज्यांना काही ठाऊक नाही त्यांनी गप्प बसावं, पण ते बसत नाहीत. बिरजा शांत नव्हती आणि गोड तर मुळीच नव्हती. ती रागीट होती. राग आला की तिचं बोलणं बंद व्हायचं आणि ती भांडी घासायला बसायची. शेजारच्या बायका भांड्यांच्या आवाजावरून तिचा राग ओळखायच्या.

तिचा नवरा पुरात गेला होता. नदी चढली तेव्हा डोमाजीने आपली दोण वाहून जाऊ नये म्हणून त्याला दोर घेऊन पाण्यात उतरवलं. दोण वाचली. नवऱ्याचं प्रेत मिळालं नाही, म्हणजे त्याच्या तोंडात हळकुंडही पडलं नाही. मागे राहिल्या बिरजा आणि तिची सासू कौतिका. दोघी दिवसभर एकमेकींशी भांडायच्या. मीठ कमी का, चूल विझली का, कोंबडी कुठे गेली. पण एकीने खाल्ल्याशिवाय दुसरी घास घ्यायची नाही.

कौतिका थकली. पौष लागला तसं तिने अंथरूण धरलं. तिच्या अंगावर एक जुनी घोंगडी होती, तिच्या लग्नात आलेली. इतक्या वर्षांच्या धुण्याने ती मऊ आणि विरविरीत झाली होती, लोकरीचा वाससुद्धा उरला नव्हता. एका सकाळी त्या घोंगडीतून हात बाहेर काढून कौतिकाने बिरजाचं मनगट धरलं.

"पोरी, माह्या तोंडात हळकुंड नोको टाकू," ती म्हणाली. "कडू लागते ते."

"मेल्यावर काय कडू आन् काय गोड," बिरजा म्हणाली.

"जन्मभर पान्यात उभी रायलो मी. या हातानं किती सोनं धुतलं त्याचा हिशेब नाई. एक कन मागून रायलो. एकच."

 बिरजाने भांडी घ्यायला हात पुढे केला, मग तो मागे घेतला. "आनतो," ती म्हणाली. तिने आयुष्यात दिलेला हा एकच शब्द, असं म्हणतात.

आता सोनं आणायचं तर धुवायचं कुठे? घाटांवर पहारा. वर, जिथे कोसरीला जांभळीचा ओढा मिळतो, तिथे पहारा नव्हता, कारण तिथे दोण नव्हती. दोण तिथवर नेणं एकटीदुकटीचं काम नव्हतं. नुसत्या लाकडी थाळीत धुवायचं म्हटलं तर दिवसाला जेमतेम पाटीभर वाळू होते आणि एवढ्या वाळूत कण सापडेलच असं नाही. आणि थाळी घेऊन निघालेली सोनझारीण पहारेकऱ्याच्या लगेच नजरेत येते. बिरजाने विचार केला. दोण एका जागी बसवलेली असते म्हणून ती मालगुजाराची. जी डोक्यावर घेऊन चालता येईल ती कुणाची?

तिने आपल्या झोपडीचं दार काढलं.

दार तीन फळ्यांचं होतं. तिने फळ्या सुट्या केल्या. रुंद फळी तळाला, अरुंद दोन फळ्या दोन्ही बाजूंना उभ्या, अशी तिने पन्हळ जुळवली, पागोळ्यांचं पाणी वाहून नेतात तशी, दोन्ही तोंडं उघडी. खिळा एकही ठोकला नाही. फळ्यांना भोकं पाडून पळसाच्या मुळ्यांच्या दोराने त्या बांधल्या, म्हणजे सोडायच्या तेव्हा सोडता येतील. तळाला घोंगडी अंथरायची, कारण लोकरीत बारीक सोनं अडकून बसतं. घोंगडीवर बांबूच्या कामट्या आडव्या बसवायच्या, म्हणजे पाणी प्रत्येक कामटीशी जरा अडखळेल आणि जड असेल ते तिथे बसेल. वरचं तोंड दगडावर, खालचं मूठभर खाली. उतार जास्त झाला की सोनं वाळूबरोबर पळतं, कमी झाला की वाळू साचून राहते. हे सगळं तिने घराच्या मागे, सांडपाण्याच्या नालीवर करून पाहिलं. मग दोर सोडला, फळ्या आणि कामट्या एकत्र बांधल्या, मधे थाळी आणि घोंगडी दडवली, वर चार काटक्या खोचल्या. दिसायला ती मोळी दिसत होती.

शेजारणीने विचारलं, "दार कोठं गेलं वं?"

"वाळवी लागली. फोडलं जळनाले," बिरजा म्हणाली.

पौषातला वारा सरळ घरात शिरत होता. तिने दारात भाताच्या तणसाची पेंढी उभी केली आणि कौतिकाभोवती तणस रचलं. कौतिकाला सगळं दिसत होतं. 

आता इथे बिरजाकडून चूक झाली, आणि ती चूक आमच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून झाली नसती. आमच्या टोल्यात नवी वस्तू तशीच वापरत नाहीत. नवा नांगर असो, नवं सूप असो, नवी सून असो, आधी तेल-हळद लावायची. बिरजा कितीही रागीट असली तरी ती या टोल्यातलीच. तिने घरात होतं नव्हतं ते जवसाचं तेल पन्हळीच्या फळ्यांना चोळलं, घोंगडीच्या काठाला लावलं, वर हळदीची बोटं उमटवली. घोंगडी तिची स्वतःची होती, माहेरून आलेली, कधी न वापरलेली. तिला अजून मेंढरांचा वास येत होता.

पहाटे धुक्यात ती मोळी डोक्यावर घेऊन निघाली. ओढ्याच्या तोंडाशी तिने पन्हळ बांधली, पाण्यात लावली, आणि वाळू खणून खणून वरून सोडत राहिली. दुपार झाली. तिने कामट्या काढल्या, घोंगडी थाळीत झटकली, थाळी फिरवली. काळी वाळू आली. सोनं आलं नाही. दुसऱ्या दिवशी जागा बदलली. काळी वाळू आली, सोनं आलं नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी मोहाखाली तोंड उघडून ती घरी यायची आणि कौतिका नुसती तिच्याकडे बघायची. कौतिकाचा श्वास आता ऐकू येऊ लागला होता.

चौथ्या दिवशी बिरजाचा ताबा सुटला. तिने नदीला शिव्या घातल्या. कोणत्या शिव्या, ते मी पोरांसमोर सांगणार नाही. ती म्हणाली, "तूही त्याचीच का वं? तुह्यात माणूस गेला माहा आन् तू त्या दात दाखवनाऱ्याचीच?" आणि तिने पन्हळीच्या खालच्या तोंडाशी पाण्यावर जोरात हात मारला.

पाणी उडालं, निवळलं, आणि उन्हाची तिरीप त्यावर पडली. तेव्हा तिला दिसलं. पाण्याच्या वर, अगदी साईसारखा, तेलाचा पातळ तवंग होता, आणि त्या तवंगावर बसून बारीक पिवळे कण निघाले होते. बुडत नव्हते. तरंगत चालले होते. जगातली सगळ्यात जड वस्तू, आणि तेल लागलं म्हणून पानावरच्या मुंगीसारखी पाण्यावर बसून चालली होती. तिने ओंजळ घातली तर कण बोटांमधून निसटले.

असं म्हणतात की बिरजा तेव्हा हसली. मी नाही मानत. मेलेल्या नवऱ्याची, मरणाऱ्या सासूची आणि हातातून गेलेल्या दिवसांची आठवण असताना कोण हसेल? ती संतापली. ज्या हाताने तेल लावलं तो हात तिने वाळूत घासला, कातडी सोलेपर्यंत घासला. मग घरी येऊन राखेने फळ्या घासल्या, कामट्या घासल्या. भांडी घासायची सवय तिला होतीच. लाकूड कोरडं, पांढरं झालं. पण घोंगडीचं काय करायचं? नव्या लोकरीतला मेंढीचा चिकटपणा राखेने जाईना.

चिकटपणा नसलेली घोंगडी टोल्यात एकच होती, आणि ती कौतिकाच्या अंगावर होती.

बिरजा त्या संध्याकाळी कौतिकाजवळ बसली. घरात थंडी एवढी होती की बोलताना वाफ दिसत होती. तिला काय मागायचं आहे ते तिच्या तोंडून निघेना. कौतिकाने तिच्या हाताचा वास घेतला. तेलाचा आणि राखेचा. म्हातारीच्या ध्यानात सगळं आलं. तिने घोंगडी अंगावरून काढली.

"ने," ती म्हणाली. "मले आता थंडी नाई लागत."

खोटं बोलत होती म्हातारी. तिचे दात वाजत होते. नवी घोंगडी धुऊन धुऊन ओलीगच्च झाली होती, म्हणून बिरजाने तिच्याभोवती आणखी तणस रचलं, आपलं दुसरं लुगडं गुंडाळलं, चुलीत होतं तेवढं सरपण घातलं. आणि उजाडता उजाडता घोंगडी मोळीत खोचून निघाली. मागे वळून पाहिलं असतं तर ती गेली नसती, म्हणून तिने पाहिलं नाही.

त्या दिवशी कोसरीने सोनं दिलं. दुपारी घोंगडी थाळीत झटकली तर काळ्या वाळूच्या कडेला पिवळी रेघ उभी राहिली, चिमूटभर. झारीटोल्यातल्या कुठल्याही बाईने स्वतःसाठी पाहिलेलं ते पहिलं सोनं. बिरजाने त्यातला एक कण निवडला, खसखशीच्या दाण्याएवढा. बाकीचं सगळं तिने पाण्यात परत सोडलं. झडतीत मालगुजाराच्या हाती लागण्यापेक्षा नदीला दिलेलं बरं. कण मात्र लपवायचा होता. तोंडात नाही, केसांत नाही, नखात नाही. तिने पापणी उचलली आणि तो डोळ्यात ठेवला.

असं म्हणतात की तो डोळा वाटभर विस्तवासारखा जळत होता. पण चोळायचा नाही, मिटायचा नाही, आणि पाणी येऊ द्यायचं नाही. पाणी आलं की कण गेला. बिरजा मोळी घेऊन मोहाच्या झाडाखाली आली. पहारेकऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "तुही सासू गेली. दुपारीच."

टोल्यातल्या बायका तिथे उभ्या होत्या. सगळ्या बिरजाच्या तोंडाकडे बघत होत्या. तिने डोळ्याचं पातं लववलं नाही.

"तोंड उघड," पहारेकरी म्हणाला. तिने उघडलं. त्याने गालात बोट फिरवलं, केस विंचरले, नखं कोरली. त्या दिवशी त्याने मुद्दाम वेळ लावला, असं म्हणतात. जिच्या घरात मयत आहे त्या बाईचे केस तो परातीवर विंचरत बसला. त्याचं नाव मला ठाऊक आहे, पण मी ते घेणार नाही. त्याच्या वंशाला ते नाव या टोल्यातून ऐकायला मिळता कामा नये.

"जाऊ?" बिरजाने विचारलं आणि ती चालू लागली. बायका आपसात म्हणाल्या, दगड आहे ही. एक टिपूस नाही काढलं.

घरात कौतिकाला खाली घेतलं होतं. हनुवटी बांधायची तेवढी बाकी होती, सुनेची वाट बघत बायका थांबल्या होत्या. कुणीतरी हळकुंडाचा तुकडा हातात घेऊन उभी होती. बिरजाने तिचा हात बाजूला केला. ती सासूच्या तोंडावर वाकली आणि तेव्हा रडली. डोळ्यातून एकच थेंब निघाला, आणि त्या थेंबात कण होता. थेंब कौतिकाच्या ओठांवर पडला आणि आत गेला.

इथे मी असं म्हणतात असं म्हणणार नाही. हे झालं. माझ्या आजीच्या आजीने पाहिलं. हळकुंड घेऊन उभी असलेली बाई तीच होती.

टोल्यात पहिल्यांदा कुणाच्या तोंडात सोनं पडलं होतं. दुःखाची बातमी दाबून ठेवता येते, आनंदाची नाही. तिरडी उचलून माणसं नदीकडे निघाली तोवर ती डोमाजीच्या कानावर गेली होती. तो घोड्यावर आला, मागे पहारेकरी. मोहाच्या झाडाखाली त्याने तिरडी अडवली.

"नदीतलं सोनं माहं आहे," तो म्हणाला. "तोंड उघडा."

त्याला म्हातारीचं तोंड म्हणायचं होतं. पण झारीटोल्याच्या माणसांनी ते दोन शब्द ऐकले आणि सवयीने सगळ्यांनी आपापली तोंडं उघडली. खांदेकऱ्यांनी उघडली. मडकं धरलेल्या माणसाने उघडलं. बायकांनी, पोरांनी, काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्यांनी, सगळ्यांनी. तिरडीभोवती सगळा टोला आ करून उभा राहिला. ते बघून डोमाजी हसला.

मी ही गोष्ट कितीदा सांगितली असेल, पण इथे आलं की मला राग आवरत नाही. तुम्हाला राग येत नसेल तर उठून जा.

बिरजाने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग ती म्हणाली, "मिटा."

आवाज चढवला नाही तिने. आधी तिच्या शेजारच्या बाईने तोंड मिटलं. मग तिच्या पोराने. मग एकामागून एक सगळ्यांनी. असं म्हणतात की दातांवर दात बसल्याचा तो आवाज पलीकडच्या गावापर्यंत गेला.

बिरजा घोड्याच्या समोर जाऊन उभी राहिली. "मालगुजार," ती म्हणाली, "म्हातारीच्या तोंडात एक कन आहे. तुमच्या तोंडात किती आहेत? आधी तुम्ही उघडा. सगळ्यांना पाहू द्या नदीचं सोनं कोनी चोरलं ते."

डोमाजीच्या ओठांवरचं हसू तिथल्या तिथे मिटलं. मेखा झाकल्या गेल्या. त्याने पहारेकऱ्यांना खूण केली, पण कुणी पुढे झालं नाही. सगळा टोला ओठ घट्ट दाबून त्यांच्याकडे बघत होता आणि तसं त्यांच्याकडे कधी कुणी पाहिलेलं नव्हतं. घोडा मागे वळला. कौतिकाला माती मिळाली, तोंडातल्या सोन्यासकट.

माती देऊन परत आल्यावर बिरजाने मोळी सोडून सगळ्यांना पन्हळ दाखवली. प्रत्येकाने आपल्या घराचं दार उतरवलं. मध्यरात्रीपर्यंत झारीटोल्यात एकही दार उरलं नव्हतं. सकाळी सगळा टोला डोक्यावर फळ्या घेऊन नदीच्या वरच्या अंगाला गेला. ज्याला उतार जमेना त्याला बिरजा दाखवायची. ज्याने तेल लावलं असेल त्याला ती शिव्या घालून राख घासायला बसवायची. डोमाजीची माणसं तिथे पोचेपर्यंत दोर सुटलेले असायचे आणि पन्हळी पुढच्या वळणावर गेलेल्या असायच्या. पहारेकरी घाटांवर रिकाम्या दोणी राखत बसले. त्या दोणी पुढे वाळवीने खाल्ल्या.

मोहाखाली पुन्हा कुणी रांग लावली नाही. डोमाजीने त्या दिवशी मिटलेलं तोंड पुन्हा उघडलं नाही, असं म्हणतात. पेज गालातून ओतावी लागे. शेवटी प्राण जाताना घरच्यांनी तुळशीचं पाणी आणलं, सोन्याचा कण नाही तर अख्खी मोहर आणली, पण दातखीळ सुटेना. तो तसाच गेला, कोरड्या तोंडाने, मेखा आतल्या आत. काही लोक म्हणतात कोसरी मातेचा कोप झाला. मला या बोलण्याची चीड येते. नदीने काही केलं नाही. नदी त्याआधीही तिथेच वाहत होती ना? जे केलं ते बिरजाने केलं, आणि उशिरा का होईना, टोल्याने केलं.

आणि बिरजाचं काय झालं, तेही ऐका. ती म्हातारी होत गेली तशी माणसं तिला देवी म्हणू लागली. एका पौषात ती नदीवरून आली तर लोकांनी तिची पन्हळ पाटावर ठेवली होती, तिला हळद लावली होती, आणि नखशिखांत तेल चोपडलं होतं. बिरजाने ते पाहिलं. सगळ्यांना वाटलं ती आता शिव्या देईल. तिने शिव्या दिल्या नाहीत. तिने पन्हळ उचलून राखेत टाकली, दुपारभर घासली, दोर सोडला, फळ्यांची मोळी बांधली आणि ती ओढ्याच्या वाटेने वर चालू लागली. ती परत आली नाही. असं म्हणतात की जांभळीच्या ओढ्यापाशी पौषातल्या पहाटे अजून कामट्यांवरून पाणी अडखळल्याचा आवाज येतो. मी ऐकला आहे. त्यात भांडी घासल्याचाही आवाज असतो.

म्हणून पौषाच्या पुनवेला आम्ही घरांची दारं उतरवतो आणि त्यांच्या पन्हळी बांधतो. हल्ली कुणाकुणाची दारं लोखंडी झाली आहेत. ते फळ्या वेगळ्या जपून ठेवतात. त्या दिवशी टोल्यात तेल वापरत नाहीत. केसांना नाही, फोडणीला नाही, दिव्यालाही नाही. सगळं बिनतेलाचं, कोरडं खातो. पन्हळी राखेने घासतो आणि पाण्यात लावतो. पहिला कण निघतो तो टोल्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या पदराला बांधतात. हळकुंड आता फक्त भाजीत पडतं.

आणि आणखी एक आहे. झारीटोल्यात कुणी कुणाला आधी तोंड उघडायला सांगत नाही. परवा आमच्या आरोग्य केंद्रात नवा डॉक्टर आला, शहरातला तरणा पोरगा. पहिल्या दिवशी त्याने समोर बसलेल्या लखमाबाईला बॅटरी दाखवून म्हटलं, "आजी, आ करा." लखमाबाईने ओठ मिटले. त्याला वाटलं तिला ऐकू येत नाही. तो मोठ्याने म्हणाला. बाकावर बसलेल्या सगळ्यांनी ओठ मिटले. तापाने फणफणलेल्या पोरानेसुद्धा.

नर्सबाई आमच्यातलीच. तिने त्याला सांगितलं, "सर, आधी तुम्ही."

तो थोडा हसला, मग आमच्याकडे बघून हसायचा थांबला. त्याने बॅटरी खाली ठेवली आणि आ केला. लखमाबाई उठली, पदर सावरला, पुढे होऊन त्याच्या तोंडात नीट पाहिलं, वरचे दात, खालचे दात, जिभेखाली.

"काही नाई," ती आम्हाला म्हणाली. मग खाली बसली आणि तिने आपलं तोंड उघडलं.